कोंबड्यांना राख

कोरीट,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि. आईलाही नमस्कार सांगावा आणि हे पत्र तिला पूर्ण वाचून दाखवावे. तुम्ही मधलेच गाळता, अशी तिची मागच्या खेपेला तक्रार होती.

दिवाळीचे कार्ड पोचले. रेंजसाठी टेकडी चढायची, वर वाऱ्यात ओरडायचे आणि खाली उतरेपर्यंत निम्मे विसरायचे, त्यापेक्षा पत्र बरे, हे तुमचे म्हणणे मला आता पटू लागले आहे. पस्तीस वर्षे टपाल सांभाळलेल्या माणसाकडून दुसरे काय ऐकायला मिळणार म्हणा!

आता बातमी. मी कोंबड्या पाळणार आहे. एक-दोन नाही, चांगल्या बारा, आणि अंड्यांसाठी. चेतना चार वर्षांची झाली तरी तिचे वजन जागचे हलत नाही. शहाद्याच्या डॉक्टरांनी रोज एक अंडे द्यायला सांगितले. मी दिवसभर रनाळ्याच्या उपकेंद्रात बायकांना हेच सांगत असते आणि संध्याकाळी कोरीटला येऊन स्वतःच्या लेकीला वरण-भात भरवते. नर्स म्हणून मला माझीच लाज वाटायला लागली होती.

आमच्या घरात अंडे कधी आलेले नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. गुजरांचे घर, त्यात सासूबाईंच्या गळ्यात माळ. ईश्वर शहाद्याच्या स्टँडमागे उभ्याउभ्या आम्लेट खातो आणि वर बडीशेप चघळत घरी येतो, पण आईसमोर त्याची जीभ टाळूला चिकटते. शेवटी मीच बोलले. सासूबाई आधी म्हणाल्या, मन्हा घरमा कोंबडी चालाव नही. मी म्हटले, घरात नाही, परसात. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी निकाल आला, की खुराडे निंबाच्या पलीकडे, अंडे उंबऱ्याच्या आत यायचे नाही, परसात सुरी दिसायची नाही आणि त्यांना काडीचाही त्रास झाला तर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जसे शेतावरचे सालदार बदलतात तशा कोंबड्याही जातील. म्हणजे मला आखाजीपर्यंत मुदत आहे. पुष्कळ झाली.

बाबा, हे नुसते अंड्याचे नाही. आपल्याकडे लेक सासरी गेली की आई तिला कोंबडी देते. सहा वर्षांपूर्वी आई माझी कोंबडी डालग्यात घालून दोन बस बदलून इथे आली होती. ओट्यावर बसली, चहा प्याली, आणि कोंबडीचे डालगे तसेच उचलून परत गेली. आत या असे कोणी म्हटले नाही. मी नवी होते, दाराआडच उभी राहिले. ते माझ्या मनातून गेलेले नाही. आता या परसात माझ्या माहेरचे काहीतरी राहिले पाहिजे, एवढेच मला हवे आहे.

मी पहिलीपासून आश्रमशाळेत राहिले, त्यामुळे कोंबड्यांमागे धावणे सोडून मला काही येत नाही. आईला विचारून सगळे नीट लिहा. चेतना आजोबांना पापा देते आहे, तो इथे डाग पडलाय तिथे आहे.

तुमची,
यामिनी

*

आंबापाडा,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. यामिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पापा पोचला, थोडा गुळाचा होता. पत्र आईला पूर्ण वाचून दाखवले. ओट्याची गोष्ट आली तेव्हा ती उठून चुलीकडे गेली, म्हणून मी थांबलो. मग आतूनच म्हणाली, थांबलात का, वाचा. म्हणजे गाळले काहीही नाही.

तुझ्या सासूबाईंच्या अटी ऐकून मला आमच्या धडगावच्या ऑफिसातल्या जुन्या साहेबीणबाई आठवल्या. नाही म्हणायच्या, मग नियम सांगायच्या, आणि नियम सांगितले की समजायचे, काम झाले. तू जिंकलीसच असे धरून चाल.

आता आईचा निरोप. ती पन्नास शब्द बोलते, मी पाच लिहितो. तारा लिहून लिहून लागलेली सवय आहे, या वयात जाणार नाही. आईच्या बोलीतून शाळेच्या मराठीत आणायचे ते वेगळेच. तर लिहून घे.

खुराडे उंचावर. बूड कोरडे. बसायला आडवी दांडी. अंडे द्यायला अंधारा कोपरा. पाणी सावलीत. मानमोडीची लस आधी, कोंबड्या नंतर. शिंपल्यांचा चुरा खाण्यात. कोंबड्यांना राख. रोज, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवसापासून. कंटाळा नको. राख नाही तर कोंबडी नाही.

हे शेवटचे तिने तीनदा सांगितले, म्हणून मी पाच वाक्ये खर्च केली.

इकडचे बरे आहे. परवा जनावरांचे डॉक्टर आले होते, त्यांना जेवायला थांबवले. मी ठिपक्यांच्या कोंबडीकडे बोट दाखवले तर आईने माझा हात खाली केला आणि दुसरीच धरली. ठिपक्यांची जाडजूड आहे, अंडी द्यायचे सोडून खुडूक होऊन उबवायला बसते, पण तिला ना कापू देते ना बाजारात नेऊ देते. कारण विचारले की माझ्याकडे असे बघते, की मीच तिकीट न लावता पत्र पेटीत टाकले आहे. बायकांच्या कारभारात आपण पडू नये.

ईश्वररावांना सांग, बडीशेपेने वास जात नाही. लोभ ठेवतेसच, पत्रेही ठेव.

तुझा,
बाबा

*

कोरीट,
२२ डिसेंबर २०२४

ती. बाबांस व आईस,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

बारा तलंगा आल्या! अजून अंड्यावर न आलेल्या, चार-चार महिन्यांच्या, सुधारित गावरान. नंदुरबारहून रिक्षात आणल्या. लस टोचलेल्या घेतल्या. ईश्वर पुढे बसून वाटभर मागे वळून बघत होता, वरात घेऊन निघाल्यासारखा. खुराडेही त्यानेच केले. खाली चार दगड, वर लाकडी चौकट आणि जाळी, आत बांबूची दांडी. अंडी द्यायला केळीचे रिकामे क्रेट आडवे लावून त्यांवर गोणपाट सोडले आहे. चुनीलाल काका शेजारून बघून गेले आणि म्हणाले की असे घर त्यांच्या सालदारालाही मिळाले नाही.

तुमचा निरोप मी शब्दाला शब्द पाळते आहे. खरी पंचाईत शेवटच्या गोष्टीची झाली. कोंबड्यांना राख, सकाळ-संध्याकाळ, हे आईने तीनदा सांगितले म्हणजे काहीतरी असणारच. इथे मुंगूस आहे, दोन बोके आहेत, वर घार फिरते. सकाळी मी राखते, पण संध्याकाळी रनाळ्याहून यायला मला साडेसहा होतात आणि ईश्वर शेतात. आता राखायचे कोणी?

मी धीर करून सासूबाईंना तुमचे पत्र वाचून दाखवले. सगळे नाही, साहेबीणबाईंचे मी गाळले, शेवटी लेक तुमचीच आहे. राख नाही तर कोंबडी नाही, हे ऐकून त्यांनी जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, तुन्ही माय काही येडी नही शे. जिवंत जीव आणून बोक्यापुढे टाकणे हे पाप, ते माझ्या दारात नको. तेव्हापासून त्या दुपारी चारला जपमाळ आणि काठी घेऊन निंबाखाली बाजेवर बसतात. पाठ कोंबड्यांकडे करून बसतात, कारण त्यांचे तोंड बघायचे नाही म्हणतात. पण काल परसात बोका नुसता डोकावला तर पाठीला डोळे असल्यासारखी काठी बरोबर गेली.

आईला सांगा, तिचा सल्ला फार उपयोगी पडला. तिला बघायला यावेसे वाटते का, हे विचारणार होते, पण आत्ता नको. आधी आखाजी पार पडू दे.

आठवण ठेवा, उत्तर पाठवा.

तुमची,
यामिनी

*

आंबापाडा,
९ जानेवारी २०२५

चि. सौ. यामिनीस,
अ. उ. आ. वि. वि.

थंडी फार आहे, बोटे वळत नाहीत, म्हणून आज खरोखरच तारेएवढे लिहितो. विहीणबाई काठी घेऊन बसतात हे ऐकून आई हसली आणि म्हणाली, बसू दे, चांगले आहे. मग तिने लगेच विचारले, राख चालू आहे ना? रोज ना? मी म्हटले, पोरीने शब्दाला शब्द पाळते असे लिहिले आहे. तेव्हा तिचे समाधान झाले.

ठिपक्यांची पुन्हा खुडूक बसली. नऊ पिल्ले निघाली.

चेतनाला आजोबांचा पापा. चिकटवायला गूळ नाही, डिंक लावला आहे.

तुझा,
बाबा

*

कोरीट,
२ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस व आईस,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

राख अगदी नेमाने चालू आहे, आईला काळजी नको. आणि अंडी सुरू झाली!

पहिले अंडे सासूबाईंना दिसले. मी कामावर होते. क्रेट सोडून एका शहाणीने ते निंबाच्या बुंध्याशी घातले. सासूबाई त्याला हात लावणार नाहीत, पण बोक्यालाही मिळू देणार नाहीत. त्यांनी त्यावर धान्याची पाटी उपडी घातली, पाटीवर वीट ठेवली आणि शेजारी बाज ओढून मी येईपर्यंत अडीच तास बसून राहिल्या. मी आल्यावर म्हणाल्या, घे, तुझी अमानत, आणि तडक आंघोळीला गेल्या.

आता दिवसाला आठ-नऊ मिळतात. निंबाखाली छोटा स्टोव्ह ठेवला आहे, तिथेच उकडते. चेतना झोपाळ्यावर बसून खाते. आधी पिवळे खाते, पांढरे मला देते. वरचेवर दोन-चार मी उपकेंद्रात नेते, ज्या घरी पोर अशक्त आहे तिथे देते.

एक गंमत झाली. बारांतली एक आरवली. म्हणजे अकरा तलंगा आणि एक कोंबडा असा हिशेब निघाला. ईश्वर म्हणाला, परत देऊन येऊ. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, पहाटे काकड्याला उठवतो तरी, तू कधी उठवलेस? आता त्या पाठ करून बसत नाहीत, हे मी मुद्दाम कोणाच्या लक्षात आणून देत नाही. नावेही पडली आहेत. जी सगळ्या बांधांवरून फिरते आणि प्रत्येक भांड्यात तोंड घालून तपासणी करते, ती तलाठीण. नावे मी ठेवलेली नाहीत, ईश्वरनेही नाहीत. आता राहिले कोण, ते तुम्हीच ओळखा.

आखाजीची मला आता अजिबात भीती वाटत नाही.

असाच जीव लावत राहा.

तुमची,
यामिनी

*

कोरीट,
१ मार्च २०२५

ती. बाबांस व आईस,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात फार तोरा मिरवला, त्याचे फळ मिळाले. अंडी नऊवरून पाचवर आली, मग तीनवर, काल एकच. कोंबड्या दिवसभर चोचीने अंग खाजवतात. माना आणि पोटे उघडी पडली आहेत, तुरे फिकट झाले आहेत. तलाठीण तपासणी सोडून कोपऱ्यात मान पाडून बसते. खाणे तेच, पाणी स्वच्छ, लस झालेली. मानमोडी नाही एवढे मला कळते.

आणि राखण्यात तर तसूभर कसर नाही, बाबा. सकाळी मी, दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत सासूबाई. अडीच महिन्यांत मुंगसाला एक पीसही मिळालेले नाही. आईने सांगितल्यापेक्षा जास्तच राखले असेल. मग चुकले कुठे?

सासूबाई आखाजीचे एका शब्दाने बोलत नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटते. त्रास झाला तर कोंबड्या जातील, असे ठरले होते आणि मी ते मान्य केले होते. चुनीलाल काका सांगून गेले की रोगट पाखरे वस्तीत ठेवू नयेत, आमच्याही दारात येईल. आखाजीला दोन महिने आहेत. या कोंबड्या गेल्या तर मी पुन्हा कधी आणू शकणार नाही, आणि सहा वर्षांपूर्वीसारखी दाराआड उभी राहीन. मला ते नको आहे. आईला विचारून लगेच लिहा, आणि या वेळी कृपा करून शब्द वाचवू नका.

तुमची,
यामिनी

*

आंबापाडा,
८ मार्च २०२५

चि. सौ. यामिनीस,
अ. उ. आ. वि. वि.

घाबरू नकोस. आधी हसून घे, मग कामाला लाग.

तुझे पत्र वाचून दाखवत होतो. आईने राखण्याच्या वाक्याशी मला थांबवले आणि म्हणाली, परत वाचा. परत वाचले. मग विचारले, मी सांगितलेले तुम्ही काय लिहिले होते? मी म्हटले, लिहिले की, कोंबड्यांना राख. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि एकदम पदर तोंडाला लावून खाली बसली. मला वाटले रडते. हसत होती. बरगड्या धरून हसत होती. शेजारणी गोळा झाल्या, त्यांना सांगितले, त्याही हसल्या. पोस्टमास्तरची सगळी इज्जत गेली.

अगं, राख! चुलीची राख! चुलीतून काढतात ती! राखण नव्हे!

आता आई बोलते तसे सगळे लिहितो, एकही शब्द वाचवत नाही. कोंबडी पाण्याने आंघोळ करत नाही, धुळीने करते. धुळीत राख असली की पिसांतल्या उवा मरतात. आपल्याकडे चुलीमागे राखेचा ढीग असतो, कोंबड्या आपल्या आपण जाऊन लोळतात, कोणाला शिकवावे लागत नाही. तू पाहिले असशील, पण लक्षात कशाला राहील, तू आश्रमशाळेत. तुमच्याकडे गॅस, फरशी, सगळे चकचकीत. बिचाऱ्यांना लोळायला जागा कुठे आहे? तुझ्या कोंबड्यांना उवांनी खाल्ले आहे, दुसरे काही नाही. सावलीत कोरड्या जागी हातभर खोल खड्डा कर, घमेलाभर बारीक माती आणि दोन घमेली लाकडाची चाळलेली राख एकत्र करून त्यात टाक. दांडीवर आणि क्रेटमध्येही राख भुरभुर. गोणपाट उन्हात टाक. जनावरांच्या डॉक्टरांनाही एकदा दाखव. पंधरा दिवसांत अंडी परत येतील. नाही आली तर मी स्वतः येऊन बघते, असे ती म्हणाली. आणि मग लगेच म्हणाली, शेवटचे वाक्य लिहू नका. पण तू शब्द वाचवू नका म्हणालीस, म्हणून लिहिले.

चूक माझी आहे, पोरी. तुझ्या डिसेंबरच्या पत्रातले राखायचे कोणी, ते मी घाईत गाळून वाचले होते. एक शब्द वाचवायला गेलो आणि बारा जीव खाजवत बसवले. विहीणबाईंची मात्र मी हात जोडून माफी मागतो. त्या अडीच महिने बाजेवर बसल्या, ते माझ्या तारेपायी.

तुझा,
बाबा

*

कोरीट,
२० मार्च २०२५

ती. बाबांस व आईस,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र नेमके होळीच्या दिवशी दुपारी पोचले. मी उभ्याउभ्या वाचले आणि कपाळाला हात लावला. पण राख आणू कुठून? आमच्याकडे गॅस, शेजारी गॅस, निम्म्या गल्लीत चूल राहिलेली नाही. सासूबाईंना काय सांगावे हेही कळेना. अडीच महिने तुम्ही उगाच बसलात, असे त्यांना कसे म्हणू? शेवटी सांगितले. त्यांनी राख म्हटले, मग राख म्हटले, दोन्ही शब्द तोंडात घोळवून पाहिले. हसल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, म्हणजे पोस्टमास्तरांचे अक्षर चांगले आहे, भाषा कच्ची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्या घरात नाहीत. होळीची राख थोडी वाटीत घेऊन यायची, देवाजवळ ठेवायची आणि पोरांच्या कपाळाला लावायची, असा त्यांचा दर वर्षाचा नेम आहे. या वर्षी वाटी घरीच होती आणि दोन घमेली गायब होती. मी चौकात गेले तर सासूबाई पदर खोचून विझलेल्या होळीतून राख भरत होत्या. सगळे गाव धुळवडीला जमलेले. चुनीलाल काकांनी विचारले, एवढी राख कशाला, जमनाबाई? त्या मान वर न करता म्हणाल्या, मन्ह्या कोंबड्या आजारी शेतस.

बाबा, मन्ह्या म्हणाल्या. माझ्या कोंबड्या. यामिनीच्या नाही, सुनेच्या नाही. मी तिथेच उभी राहून रडले. रंगाचा दिवस होता, कोणाला कळले नाही.

खड्डा ईश्वरने केला. राख टाकली, आणि पहिली उतरली ती तलाठीण. अशी लोळली, अशी लोळली, की राखेचा ढग उठला. सासूबाईंचे लुगडे पांढरे झाले, पण त्या हलल्या नाहीत. डॉक्टरही येऊन गेले. उवाच आहेत म्हणाले, वर एक पावडर दिली. आज चार अंडी मिळाली. आईला सांगा, तिला यावे लागणार नाही. हे लिहिताना मला आनंद व्हायला हवा होता, तसा झाला नाही.

तुमची,
यामिनी

*

॥ श्री ॥

कोरीट,
१३ एप्रिल २०२५

सौ. गजराबाई विहीणबाई व श्री. उदेसिंगभाऊ यांस,
जमनाबाईचा स. न. वि. वि.

मी चौथी शिकलेली आहे. चुकले असेल ते भाऊंनी सुधारून वाचावे, पण गाळू नये. भाऊ गाळतात हे मला माहीत आहे. तुमची सगळी पत्रे यामिनी गव्हाच्या डब्यावर ठेवते आणि गहू मीच काढते. तेव्हा मी साहेबीण आहे हेही वाचलेले आहे. राग नाही.

अंडी आता रोज दहा असतात. एखादीच आळशी निघते. मी अंडे खात नाही, खाणार नाही, माळ आहे. पण यामिनी कामावर गेली की चेतनाला सोलून मी देते, आणि मग हात दोनदा धुते. पोरीचे वजन दीड किलोने वाढले. डॉक्टरांनी विचारले, काय देता? मी म्हटले, जे देता येते ते देतो.

राखेचा घोटाळा झाला तो झाला, भाऊंनी मनाला लावून घेऊ नये. ईश्वरचे वडील गेल्यापासून दुपारी चार ते सात हा वेळ मला खायला उठायचा. घर झाडलेले, जप झालेला, आणि बोलायला कोणी नाही. तुमच्या पत्राने मला बाजेवर नेऊन बसवले. आता कोंबड्या सातला आत गेल्या की मला चुकल्यासारखे होते. हे मी ईश्वरला सांगितलेले नाही, तुम्हाला सांगते.

आता खरे ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. विहीणबाई, सहा वर्षांपूर्वी तुम्ही लेकीची कोंबडी घेऊन माझ्या ओट्यावर आलात. मी चहा दिला आणि आत या म्हटले नाही. कोंबडी आमच्यात चालत नाही असे म्हटले, पण मनात नुसती कोंबडी नव्हती. डोंगरातली माणसे, काय बोलावे, काय करावे, लोक काय म्हणतील, असे होते. तुम्ही डालगे उचलून गेलात. ती पाठ मला अधूनमधून दिसत असे. आता रोज दिसते. मी चुकले. वयाने मोठी आहे, तरी म्हणते.

तुमच्या लेकीला मी सहा वर्षे नीट राखले की नाही, ते ती सांगेल. तिच्या कोंबड्या मात्र राखल्या.

यामिनीला मी आखाजीची मुदत दिली होती. ३० तारखेला आखाजी आहे. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. यामिनीला या वर्षी मी सोडणार नाही, कारण मग दहा अंडी आणि तलाठीण यांचे काय करायचे? म्हणून तिचे माहेरच इकडे यावे. निंबाला झोका बांधला आहे. येताना ओट्यावर थांबू नये, सरळ आत यावे. पुरणपोळी माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी बसून खायची आहे.

आणि एक मागणे आहे. या सुधारित कोंबड्या अंडी देतात, पण खुडूक बसत नाहीत. कोंबडा घरचा आहेच. चेतनाने अंडी खावीत हे ठीक, पण काही अंड्यांतून पिल्ले निघालेली मला जास्त बरी वाटतील. त्याला गावरान कोंबडीच लागते. तेव्हा मी परत पाठवली ती कोंबडी, किंवा तिच्यासारखी दुसरी, घेऊन यावे. या वेळी ती परत जाणार नाही.

तुम्ही यावे आणि मागचे पोटात घालावे, एवढीच विनंती.

आपली,
जमनाबाई

*

आंबापाडा,
२० एप्रिल २०२५

श्रीमती जमनाबाई विहीणबाईंस,
उदेसिंगचा स. न. वि. वि.

पत्र पोचले. गजराबाईला दोनदा वाचून दाखवले, एक शब्दही गाळला नाही. तिने उत्तरादाखल पाचच शब्द सांगितले, या वेळी काटकसर तिची आहे. येतो, पुरण कमी गोड घाला.

२९ तारखेला सकाळच्या गाडीने निघतो, शहाद्याला गाडी बदलून दुपारपर्यंत पोचतो. सोबत चाळलेली राख एक पिशवी आणतो आहे. राख म्हणजे राखच, चुलीची.

आता कोंबडीचे. तुमच्या ओट्यावरून परत आली ती कोंबडी तीन वर्षांपूर्वी म्हातारी होऊन गेली. पण तिची एक लेक गजराबाईने मागे ठेवली होती, आणि त्या लेकीची लेक म्हणजे आमची ठिपक्यांची. यातली एकही तिने कधी कापू दिली नाही, विकू दिली नाही. पाहुणे आले, सण आले, मी रागावलो, तरी नाही. कारणही कधी सांगितले नाही, आणि पस्तीस वर्षे लोकांची पत्रे ज्याची त्याला पोचवणाऱ्या मला माझ्या घरातले कळले नाही.

तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचून झाले तशी ती उठून बाहेर गेली. आली तेव्हा ठिपक्यांची डालग्याखाली होती आणि ती डालग्याला नवी दोरी बांधत होती. मी म्हटले, हिला नेतेस? घरातली सगळ्यात चांगली आहे.

ती म्हणाली, ही आपली नव्हतीच कधी. यामिनीची आहे. मी नुसती राखत होते.

आपला,
उदेसिंग